निर्मिकाच्या घरातला ख्रिस्ती बाप आणि मुसलमान लेक

ख्रिस्ती धर्म आणि इस्लाम यांची तुलना करणारे लेखन मराठीत पुष्कळ आहे. पण त्यातले बहुतेक लेखन निकाल आधी लिहून मग साक्षी-पुरावे गोळा करणारे आहे. मिशनऱ्यांच्या पुस्तिकांत ख्रिस्त जिंकतो, मौलवींच्या पुस्तिकांत कुराण जिंकते आणि आमच्याकडच्या स्वधर्माभिमानी लेखकांच्या हाती पडले की दोघेही हरतात. या गर्दीत दोन माणसे वेगळी उभी राहतात. ती या दोन्ही धर्मांत नव्हती, पण या धर्मांशी त्यांना खरेखुरे काम होते. एक जोतीराव फुले, दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पहिल्याने हे दोन धर्म एका घरात बसवून पाहिले, दुसऱ्याने आपल्या समाजासाठी घर शोधताना ते तपासले. त्या शोधाचा शेवट आमच्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झाला, हे सर्वांना माहीत आहे. पण शोध चालू असताना या दोन धर्मांची तुलना नेमकी कशी झाली, आणि ती त्या धर्मांच्या ग्रंथांशी लावून पाहिली तर कितपत टिकते, हे तपासलेले फारसे दिसत नाही. ते येथे करावयाचे आहे. दोघांविषयी आदर आहे म्हणूनच तपासणी हात राखून करणार नाही.

प्रथम फुले. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेल्यावर त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले आणि पुस्तक १८९१ मध्ये निघाले. संवादरूपाने लिहिलेल्या या पुस्तकात एका कुटुंबाचे चित्र आहे. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे पुस्तक वाचून पटल्यास बौद्ध व्हावे, तिच्या नवऱ्याने जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावे, मुलीने कुराण वाचून महंमदी व्हावे, मुलाने सार्वजनिक सत्यधर्माचा स्वीकार करावा, आणि या सर्वांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा न करता, आपण एकाच निर्मिकाची लेकरे आहोत असे समजून एका घरात प्रेमाने नांदावे.

हा उतारा आज भाषणांतून सर्वधर्मसमभावाचा दाखला म्हणून फिरतो. तो तसा नाही. सर्व धर्म सारखेच खरे, असे फुले म्हणत नाहीत. प्रत्येक धर्मपुस्तकात काही ना काही सत्य आहे आणि आरंभापासून शेवटापर्यंत सर्वस्वी सत्य असे एकही पुस्तक नाही, असे त्यांचे म्हणणे. ही भूमिका सौम्य वाटते, पण ख्रिस्ती आणि इस्लामी श्रद्धेच्या मुळावरच ती बोट ठेवते. मुसलमानाला कुराण अक्षरशः ईश्वराची वाणी आहे, त्यात डावे-उजवे करता येत नाही. ख्रिस्ती माणसाची गोष्ट थोडी निराळी. त्याच्या लेखी ईश्वराचा शब्द म्हणजे मुख्यतः स्वतः ख्रिस्त, आणि बायबल त्याची साक्ष. तरी अर्धे खरे बायबल घेऊन तोही चर्चमध्ये जाणार नाही. म्हणजे फुल्यांच्या घरातला बाप आणि लेक आपापल्या धर्माचे पूर्ण श्रद्धाळू असतील, तर घराचा मालक निर्मिक त्यांना ज्या अटीवर खोली देतो ती अटच त्यांना मान्य होणार नाही. ही अडचण खरी आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आणखी एक बारकावा. या घरात धर्म निवडणारी पहिली व्यक्ती बाई आहे. ती नवऱ्याच्या मागून जात नाही. १८८३ मध्ये पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यात जो गदारोळ झाला, त्यावर फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली होती. घरातल्या बाईला पुस्तक वाचून स्वतःचा धर्म ठरवता येतो, ही गोष्ट त्यांनी कल्पनेतून काढलेली नव्हती.

या दोन्ही धर्मांशी फुल्यांची ओळख ग्रंथांच्या आधी माणसांकडून झाली. शाळेतून काढलेल्या जोतीला पुन्हा शाळेत घाला, असे गोविंदरावांना पटवणारे दोन गृहस्थ चरित्रकारांनी नोंदवले आहेत. गफार बेग मुन्शी हे मुसलमान शेजारी आणि लिजिट साहेब हे ख्रिस्ती. त्यानंतर १८४१ मध्ये जोती स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेला. (स्टीफन हिस्लॉप नागपुरात १८४५ मध्ये आला तो याच स्कॉटिश परंपरेतून. ज्या हिस्लॉप कॉलेजावरून आपण रोज जातो त्याचे आणि फुल्यांच्या शाळेचे गोत्र एक आहे, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही.)

आता फुल्यांनी कोणाकडून काय घेतले? ‘गुलामगिरी’त येशू बळीराजाच्या रांगेत बसतो. दीनदुबळ्यांचा कैवारी आणि त्यापायी मारला गेलेला राजा, असे त्याचे रूप. महंमदावर त्यांनी जे काव्य केले त्याच्या मथळ्यातच ‘मानव’ हा शब्द आहे. दोघेही फुल्यांच्या लेखी माणसेच. इस्लामला यात अडचण नाही. पैगंबर हा माणूस आहे, त्याला फक्त संदेश येतो, असे कुराण त्याच्याच तोंडून वदवते. ख्रिस्ती धर्माला मात्र यात सर्वस्व गमवावे लागते, कारण येशू देव नसेल तर त्याचे क्रुसावरचे मरण हे एका चांगल्या माणसाचे मरण उरते, जगाच्या पापाचे प्रायश्चित्त उरत नाही.

या दोन धर्मांतला मूळ वाद नेमका येथेच आहे. वरवर पाहता दोहोंत विलक्षण जवळीक आहे. कुराणात मरियमच्या नावाचा अख्खा सूरह आहे, ईसाचा कुमारीच्या पोटी जन्म मान्य आहे, त्याचे चमत्कार मान्य आहेत. पण तो देवाचा पुत्र आहे हे अमान्य, त्रैक्य अमान्य, आणि सूरह निसानुसार त्याला क्रुसावर मारले गेले हेही अमान्य. क्रूस गेला की त्याच्या मागचे आदिपापही जाते. आदमने चूक केली, क्षमा मागितली, त्याला क्षमा मिळाली, प्रकरण संपले. कोणाचे ओझे दुसरा वाहणार नाही, हे कुराणात पुन्हा पुन्हा येते. ख्रिस्ती धर्माचा सारा जीव याच्या उलट वाक्यात आहे: एकाने सर्वांचे ओझे वाहिले.

नीतीतला फरक या विश्वासातून निघतो. ज्याला न मागता, न कमावता क्षमा मिळाली आहे, त्याच्याकडून येशू अमर्याद क्षमेची अपेक्षा करतो. शत्रूवर प्रीती करा म्हणतो. डोंगरावरच्या प्रवचनात हिशेब नाही. कुराण हिशेबाला जागा ठेवते. इजेएवढी परतफेड न्याय्य आहे, पण जो क्षमा करून समेट करील त्याचे फळ अल्लाहकडे, असे सूरह शूरा सांगतो. पहिली नीती उंच आहे आणि राज्य चालवायला अवघड. दुसरी चालवता येते, पण तिचे कायद्यात रूपांतर होऊन ती गोठण्याची भीती कायम असते. येशूने लग्न मोडणे जवळजवळ बंद केले. कुराणाने ते अटींसह मोकळे ठेवले. पहिल्याने कित्येक बायका जन्मभर नको त्या घरात अडकल्या, दुसऱ्याने कित्येक एका शब्दावर घराबाहेर पडल्या. हमीद दलवाईंनी १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले तेव्हा तोंडी तलाकचा प्रश्न त्यांच्या पुढ्यात पहिला होता, आणि मंडळाला नाव मात्र फुल्यांचे दिले.

माझे मत असे की, फुल्यांचा निर्मिक इस्लामच्या अंगाने जातो आणि त्यांची नीती येशूच्या अंगाने. निर्मिक एक आहे, त्याला मूर्ती नाही, त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नाही. ही मांडणी चर्चपेक्षा मशिदीला जवळची आहे. थॉमस पेनच्या वाचनाचाही तिला आधार आहे. पण महारामांगांच्या पोरांना शाळेत बसवणे, विधवेच्या मुलाला दत्तक घेणे, हे ज्या वृत्तीतून आले तिचा नमुना त्यांनी मिशनच्या आवारात डोळ्यांनी पाहिला होता. दोन्ही धर्मांना जे सर्वांत प्रिय, म्हणजे क्रूस आणि अंतिम पैगंबरपद, तेवढेच त्यांनी नेमके बाहेर ठेवले.

तर मग ते घर चालेल का? ग्रंथांकडेच विचारू. येशूचे शब्द येथे कठोर आहेत. आपण शांतता नव्हे तर तलवार आणायला आलो, मुलगी आईविरुद्ध उभी राहील, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. लूककडे तर आईबापांचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही, इतकी टोकाची भाषा आहे. तिचा अर्थ ‘माझ्यापेक्षा कमी प्रेम’ असा लावतात, ते ठीक. पण पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात फुल्यांच्या घरासारखाच प्रसंग आहे. नवरा ख्रिस्ती झाला, बायको झाली नाही आणि ती नांदायला राजी आहे, तर त्याने तिला सोडू नये. म्हणजे बौद्ध बायको आणि ख्रिस्ती नवरा हे जोडपे पौलाच्या नियमात बसते.

मुलीसाठी सूरह लुकमान पाहावा. आईबाप तुला दुसऱ्या कोणाला अल्लाहचा भागीदार करायला लावू लागले तर त्यांचे ऐकू नको, पण या जगात त्यांच्याशी चांगुलपणाने वागत राहा, असा तेथे आदेश आहे. मुसलमान लेकीने ख्रिस्ती बापाशी आणि बौद्ध आईशी कसे राहावे, याचे इतके नेमके उत्तर दुसरीकडे मला आढळले नाही. फुल्यांच्या कल्पनेला ग्रंथात आधारच नाही असे म्हणणारे टीकाकार हे दोन उतारे पाहत नाहीत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हीच लेक उद्या बापाचा धर्म घेऊ म्हणाली, तर पारंपरिक फिक्ह तिला कठोर शिक्षा सांगते, आणि मुसलमान राहून तिने ख्रिस्ती मुलाशी लग्न करू म्हटले तर तेही नाकारते. मुसलमान पुरुषाला मात्र ख्रिस्ती किंवा यहुदी बायको करण्याची मुभा सूरह माइदात आहे. युरोपात धर्मन्यायालयांनी काय केले ते वेगळे सांगायला नको. गोव्याचे धर्मन्यायालय १५६० पासून आपल्या शेजारीच होते.

सरकारी कायदाही या घरापुढे अडखळत होता. धर्म बदलला तरी वारसा बुडू नये, अशी तजवीज १८५० च्या कायद्याने झाली होती. पण १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, बौद्ध यांपैकी कोणीही नाही असे जाहीर करावे लागे. आपापला धर्म राखून दोन धर्मांच्या माणसांना नोंदणी विवाह करण्याची सोय १९५४ मध्ये आली. फुले ज्या घराचे चित्र काढत होते त्याला त्यांच्या हयातीत कायद्यात दार नव्हते.

आता आंबेडकर. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. त्यानंतर त्यांनी इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म यांच्याकडे तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहिले. आपण त्या तिन्ही एकत्र कालवतो, म्हणून गोंधळ होतो.

पहिली नजर सामर्थ्याची. ३१ मे १९३६ च्या मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात त्यांचा रोख स्पष्ट आहे. गावात मुसलमानांची दोन घरे असली तरी त्यांना कोणी हात लावत नाही, कारण त्यांच्या पाठीशी सारा मुसलमान समाज आहे. अस्पृश्याच्या पाठीशी कोणी नाही. पुढच्याच महिन्यात नागपूरचे डॉ. मुंजे त्यांना भेटले. त्या वाटाघाटीत जे निवेदन फिरले त्यात इस्लामकडे पैसा व संख्याबळ आहे, ख्रिस्ती धर्मामागे इंग्लंड-अमेरिका आहेत, पण या दोहोंपैकी कोठेही गेल्यास अस्पृश्य राष्ट्रीयत्वाच्या बाहेर पडतील, असा युक्तिवाद आहे. हे त्या वर्षाच्या राजकारणाचे गणित आहे. त्यात धर्म तोललेलाच नाही. ख्रिस्ती होऊनही देशावर आणि तुकोबांवर जीव टाकणारे नारायण वामन टिळक १९१९ साली वारले होते. त्यांच्यासमोर हा युक्तिवाद टिकला नसता. बाबासाहेबांचे नाव आहे म्हणून हे निवेदन जो धर्मचिकित्सा म्हणून वापरतो, तो त्यांच्यावरच अन्याय करतो.

दुसरी नजर समाजशास्त्रज्ञाची, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनात भारतीय ख्रिस्ती समाजाविषयी त्यांनी एक बिनतोड निरीक्षण केले आहे. अस्पृश्य माणूस ख्रिस्ती होतो तेव्हा त्याला शिकवले जाते की तुझी अधोगती तुझ्या पापामुळे आहे. समाजाने तुला खाली ढकलले, हे कोणी सांगत नाही. साहजिकच समाज बदलण्याची ऊर्मी त्याच्यात उठत नाही. नीती आणि श्रद्धा वेगळ्या काढता येत नाहीत याचा याहून चांगला पुरावा कोणता? फुल्यांनी आदिपापाकडे दुर्लक्ष करून येशूची करुणा घेतली. आंबेडकरांनी दाखवले की प्रत्यक्ष मिशनमध्ये करुणेबरोबर आदिपापही घरी येते.

इस्लामविषयीचे त्यांचे समांतर वाक्य पाकिस्तानवरच्या ग्रंथात आहे. इस्लामचा बंधुभाव मुसलमानांचा मुसलमानांपुरता आहे, सर्व मानवांचा नाही, असा त्याचा आशय. तेथेच अश्रफ, अजलफ, अरजल ही मुसलमानांतली उतरंड त्यांनी १९०१ च्या बंगालच्या जनगणनेवरून मांडली आहे. उतरंडीबद्दल वाद नाही. बंधुभावाबद्दल मात्र ग्रंथ उघडला पाहिजे. सूरह हुजुरातच्या दहाव्या आयतीत श्रद्धावंत हे एकमेकांचे भाऊ आहेत असे आहे. आंबेडकरांचे वाक्य तेथे बरोबर लागते. पण तीनच आयती पुढे, तेराव्यात, संबोधन बदलते आणि साऱ्या मानवांना हाक येते: तुम्हाला एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केले, जाती-जमाती केल्या त्या एकमेकांना ओळखावे म्हणून, आणि श्रेष्ठत्व फक्त नीतीने. ख्रिस्ती बाजूलाही हेच दुहेरीपण आहे. पौल गलतीकरांना यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र हा भेद उरला नाही असे लिहितो, पण तो भेद ‘ख्रिस्तामध्ये’ उरत नाही. उलट दयाळू शोमरोनी माणसाच्या दाखल्यात येशू शेजारी कोण याचे उत्तर थेट परक्या पंथात शोधतो. दोन्ही ग्रंथांत कुंपणही आहे आणि कुंपणाचे फाटकही. कोणता समाज काय वापरतो हे आंबेडकरांनी पाहिले. ग्रंथात फाटक आहे हे त्यांनी नोंदवायला हवे होते.

तिसरी नजर १९५० ची. महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातला ‘बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य’ हा इंग्रजी लेख दीक्षेच्या सहा वर्षे आधीचा. येशू स्वतःला देवाचा पुत्र म्हणतो, महंमद शेवटचा पैगंबर म्हणतो, कृष्ण साक्षात ईश्वर म्हणतो. बुद्ध फक्त मार्ग दाखवतो. मार्गदाता आणि मोक्षदाता हा फरक मराठी वाचकाला पाठ आहे. पण नीट पाहिले तर तो येशूला पूर्ण लागू पडतो आणि महंमदाला अर्धाच. कुराणातला पैगंबर मोक्ष देत नाही. तो वारला किंवा मारला गेला तर तुम्ही मागे फिरणार काय, असा प्रश्न कुराण त्याच्या अनुयायांनाच विचारते. तो मार्गदाताच आहे. (आमच्या ताजबागेत दर उरुसाला लोक काय मागतात हा भाग निराळा.) आंबेडकरांचा आक्षेप महंमदावर चिकटतो तो दुसऱ्या टोकाला, ‘शेवटचा’ या शब्दाला. मार्ग दाखवला, पण त्यापुढे नवा मार्ग बंद. बुद्धाने शिकवण दुरुस्त करण्याची मुभा ठेवली, हा त्यांचा मुद्दा तेथे खरा तोफेचा आहे.

याच लेखात धर्माच्या कसोट्यांत एक अशी आहे की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. रोख उघडच डोंगरावरच्या प्रवचनाकडे आहे. लूककडे ‘दीन’ धन्य आहेत, मत्तयाकडे ‘आत्म्याने दीन’; हा फरक बाजूला ठेवला तरी चर्चने दारिद्र्याचे कौतुक केले हे खरेच. पण ही कसोटी इस्लामला लावली असती तर? संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ‘हक्क’ आहे, असा शब्द कुराण वापरते. जकात ऐच्छिक दान नाही, शिलकी संपत्तीवर ती साधारण अडीच टक्के द्यावीच लागते. व्याज निषिद्ध आहे. या एका कसोटीवर इस्लाम चांगल्या गुणांनी उतरला असता. लेखात त्याचा निकाल दिलेलाच नाही. चार कसोट्या ठरवायच्या आणि प्रत्येक परीक्षार्थ्याला सगळ्या लावायच्या नाहीत, ही त्या लेखाची उणीव आहे. दर विजयादशमीला दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांतून या लेखाची भाषांतरे हातोहात खपतात. विकत घेणाऱ्या तरुणांनी ती उणीव समासात लिहून ठेवली तर बाबासाहेबांना राग आला नसता, असे मला वाटते.

फुल्यांनी घर उभे केले, पण त्यात राहणाऱ्यांच्या श्रद्धा हलक्या केल्या. आंबेडकरांनी श्रद्धांचे पूर्ण वजन धरले, आणि म्हणून त्यांना चार खोल्यांचे घर शक्य वाटले नाही. त्यांनी एकच धर्म निवडला. या दोहोंत मला आंबेडकरांचे निदान अधिक खरे वाटते आणि फुल्यांचे चित्र अधिक उपयोगाचे.

त्या चित्राचे आजचे काय? राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला तो ऑगस्ट १९५० मध्ये, त्या लेखाच्याच वर्षी. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदूखेरीज कोणाला अनुसूचित जातीत गणले जाणार नाही असे ठरवले. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. त्यांचा विचार करायला ऑक्टोबर २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. समजा फुल्यांचे ते घर महारवाड्यातले आहे. आई बौद्ध, तिला जातीचा दाखला मिळतो. बापाने बायबल वाचले, त्याचा दाखला गेला. लेकीने कुराण वाचले, तिचाही गेला. तिघांना गावात वागणूक एकाच आडनावाची मिळते. उरला मुलगा. त्याने फुल्यांचे पुस्तक वाचून सार्वजनिक सत्यधर्म घेतला आहे. तहसील कचेरीतला बाबू फॉर्मवरच्या धर्माच्या रकान्यात त्याच्यासाठी काय लिहील, ते तोच जाणे.